'मी' म्हणण्यापूर्वी नाते ठरवावे लागते

दिवसभराचे काम आटोपून सायंकाळी परभाषेच्या वर्गात जाऊन बसणारा प्रौढ विद्यार्थी बहुधा व्याकरणाचे भय घेऊन येतो. व्हिएतनामीच्या वर्गात ते भय टिकत नाही. तेथे नामाला विभक्ती नाही, लिंग नाही. क्रियापद पुरुषाप्रमाणे वा काळाप्रमाणे रूप पालटीत नाही. रूपे घोकण्यात ज्यांचे बालपण गेले त्या आम्हांस याचा हेवाच वाटावा. लिपीही रोमन. मग अडते कोठे?

प्रथम अडते ते सुरात. उत्तरेकडील बोलीत सहा सूर आहेत. एकच 'मा' सुराच्या फरकाने भूत, थडगे, घोडा किंवा भाताचे रोप होतो. दक्षिणेत त्यातलाच एक 'मा' म्हणजे आई. आम्ही प्रश्न विचारताना वाक्याचा शेवट चढवितो. तेथे तसे केले तर प्रश्न राहतो बाजूला आणि शब्दच बदलतो! आलेक्सांद्र द रोद हा जेझुइट पाद्री १६१९ साली गोव्यास उतरला व पुढे मकावमार्गे १६२४ मध्ये व्हिएतनामात पोहोचला. ती भाषा प्रथम ऐकताना पाखरांची किलबिल वाटली, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याला सूर शिकविले ते तेथल्या एका लहान मुलाने, तीन आठवड्यांत. आणि दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. या पाद्र्याचा व्हिएतनामी शब्दकोश १६५१ मध्ये रोम येथे छापला गेला.

सूर कानाने साधतो. त्याहून अवघड आहे 'मी' आणि 'तू'. रोजच्या बोलण्यात ही सर्वनामे बहुतेक नात्यांचीच असतात. थोरल्या भावासारख्या माणसाला 'आन्' म्हणावयाचे, थोरल्या बहिणीसारख्या स्त्रीला 'ची', आणि त्यांच्यापुढे स्वतः 'एम्', म्हणजे धाकटे, व्हावयाचे. म्हणूनच नवी ओळख होताच वय विचारतात. त्यात अगोचरपणा नाही. वडिलांचा धाकटा भाऊ 'चू', आईचा धाकटा भाऊ 'कौ', वडिलांची धाकटी बहीण 'को'. काका, मामा, आत्या यांना वेगळे ओळखणाऱ्या मराठी घराला हे समजावून सांगावे लागत नाही. सर्वांना 'अंकल-आंटी'च्या एकाच पोत्यात भरणाऱ्या इंग्रजीतून आलेल्यास मात्र ते नव्याने शिकावे लागते.

१९७५ नंतर लक्षावधी व्हिएतनामी कुटुंबे अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली. कॅलिफोर्नियात 'लिटल सायगाव' वसले. परप्रांती तीन-तीन पिढ्या काढलेल्या आम्हां मराठी कुटुंबांना त्यांची व्यथा परकी नाही. तेथे वाढलेल्या मुलास घरची भाषा येते ती लेकराची. आईबापांपुढे तो स्वतःला 'कॉन्', म्हणजे लेकरू, म्हणतो. पुढे समवयस्काशी किंवा धाकट्याशी बोलण्याची वेळ आली, की तिशीतला हा गृहस्थ मुका होतो. अशांसाठी आणि त्या घरांत आलेल्या परभाषी सुना-जावयांसाठी सायंवर्गाचे मोल मोठे.

परकीयांच्या पाठ्यपुस्तकांत 'मी'साठी बहुधा 'तोय' हा शब्द आधी देतात. अनोळख्याशी तो चालतो, आजीशी चालत नाही. आमच्या शिक्षकी मते अशा वर्गात पहिला महिना पुस्तक मिटूनच ठेवावे. एकाने आजी व्हावे, एकाने जावई, एकाने शेजारचा धाकटा मुलगा; मग जागा बदलाव्यात, आणि प्रत्येक जागी 'जेवलात का?' एवढेच विचारावे.