कार्यप्रणाली बसविताना संगणक का अडतो?

सुटे भाग विकत आणून संगणक स्वतः जोडण्याचा उद्योग आज पुष्कळ विद्यार्थी हौसेने करतात. मदरबोर्डावर प्रोसेसर बसला, रॅमच्या पट्ट्या खाचेत रुतल्या, वीज जोडली आणि पंखा फिरू लागला, म्हणजे यंत्र सिद्ध झाले असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु लेखन, गणित, चित्रे, माहितीची साठवण ही सर्व कामे जिच्या देखरेखीखाली चालतात, ती आज्ञांची व्यवस्था अद्याप त्यात नसते. तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज व लिनक्स ही तिची परिचित उदाहरणे होत.

ही प्रणाली बसविताना काम मध्येच अडले की नवखा माणूस गोंधळतो. तो एकाच वेळी चार गोष्टी बदलतो, चांगला भाग नादुरुस्त समजून नवा आणतो, किंवा घाईघाईने भलत्याच डिस्कवरील माहिती पुसून टाकतो. खर्च झालेला पैसा पुन्हा मिळविता येतो. पुसलेली माहिती बहुधा मिळत नाही. म्हणून दोष नेमका कोठे आहे हे ठरविल्यावाचून उपाय करू नये.

पूर्वी डाकेची थैली एक हरकारा दुसऱ्याच्या हाती देई. थैली हरवली, तर ती शेवटी कोणाच्या हाती होती याची प्रथम चौकशी होत असे. संगणकाचा आरंभही असाच हस्ते-परहस्ते होतो. त्याचे टप्पे ओळखले, की कोणता टप्पा पार पडला आणि कोणता पडला नाही हे सांगता येते.

पहिला टप्पा मदरबोर्डावरील चिपमध्ये साठविलेल्या छोट्या कार्यक्रमाचा. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून या कार्यक्रमाला बायोस म्हणत. आज त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे, तरी बोलण्यात जुनेच नाव चालते. प्रोसेसर, रॅम व चित्रयंत्रणा जागेवर आहेत की नाहीत हे तो तपासतो. पडदा काळाच राहिला, तर दोष याच टप्प्यात शोधावा. कार्यप्रणालीचा त्याच्याशी काही संबंध नाही. रॅमची एकच पट्टी ठेवून पाहावी. ग्राफिक्स कार्ड बसविले असेल, तर पडद्याची तार त्या कार्डालाच जोडावी. मदरबोर्ड जुना व प्रोसेसर नवा असेल, तर बायोसची नवी आवृत्ती लागते. डीडीआर ५ जातीची रॅम मात्र पहिल्या वेळी जुळवून घेण्यास काही मिनिटे लावू शकते. तेवढा धीर धरावा.

दुसऱ्या टप्प्यात हा कार्यक्रम पेन ड्राइव्हवरील स्थापनेचा आरंभ शोधतो. उतरवून घेतलेली फाइल पेन ड्राइव्हवर नुसती नकलून ठेवल्याने सहसा भागत नाही. ती त्यासाठी असलेल्या साधनाने लिहावी लागते. येथे फॅट ३२ या मांडणीची मर्यादाही आड येते. तीत एका फाइलची लांबी ३२ द्विमान अंकांत नोंदली जाते, म्हणून कोणतीही फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटांहून मोठी असू शकत नाही. विंडोजची मुख्य फाइल अनेकदा याहून मोठी असल्यामुळे तिचे तुकडे करावे लागतात.

तिसऱ्या टप्प्यात स्थापनेचा कार्यक्रम रॅममध्ये येऊन चालू लागतो. तो मध्येच बंद पडत असेल, तर पुन्हा एकदा करून पाहावे आणि अडण्याची जागा टिपून ठेवावी. दर वेळी एकाच ठिकाणी अडत असेल, तर फाइल किंवा पेन ड्राइव्ह सदोष असण्याचा संभव अधिक. फाइलची एसएचए-२५६ ही ६४ चिन्हांची ओळखखूण निर्मात्याने दिलेल्या खुणेशी ताडून पाहिली, म्हणजे शंका फिटते. दर वेळी निराळ्याच ठिकाणी अडत असेल, तर संशय रॅमवर घ्यावा. तिचा वाढविलेला वेग कमी करावा व मेमटेस्टसारख्या कार्यक्रमाने तिची परीक्षा करावी.

चौथा टप्पा डिस्कवर नक्कल होण्याचा. स्थापनेच्या यादीत डिस्क दिसत नसेल, तर ती बायोसमध्ये दिसते का ते पाहावे. तेथेही नसेल, तर जोडणी तपासावी. तेथे असेल आणि यादीत नसेल, तर डिस्क बहुधा निर्दोष असून स्थापनेच्या कार्यक्रमाला तिचा ड्रायव्हर हवा आहे, असे समजावे. इंटेलच्या काही यंत्रांत व्हीएमडी ही सोय चालू असल्यास असे घडते.

डिस्क दिसते, पण तिची मांडणी जीपीटी आहे म्हणून विंडोज ती नाकारते, असाही अनुभव येतो. एमबीआर ही जुनी मांडणी ५१२ बाइटांच्या खंडांनी सुमारे २.२ लक्ष कोटी बाइटांपर्यंतच पोचते. जीपीटी त्यापुढे जाते. या संदेशाचा अर्थ डिस्क बिघडली असा नव्हे. पेन ड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने सुरू झाला, एवढाच तो अर्थ. तो यूईएफआय पद्धतीने पुन्हा सुरू केला, म्हणजे एवढ्यासाठी डिस्क पुसण्याची गरज उरत नाही. तसेच २०२१ साली आलेली विंडोज ११ टीपीएम २.० ची मागणी करते. पुष्कळ यंत्रांत ही सोय असते, परंतु बायोसमध्ये बंद ठेवलेली असते.

अखेरच्या टप्प्यात यंत्र डिस्कवरून स्वतः सुरू होते. स्थापना पुन्हा पहिल्यापासून होऊ लागली, तर बायोसच्या क्रमात पेन ड्राइव्ह अजून अग्रभागी आहे. तो काढून घ्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी जुन्या माहितीची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी, आणि वीज बंद करून जुन्या डिस्कची जोडणी सोडवावी. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती चुकून पुसली जाणे शक्य नाही. त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम वहीत लिहावा. दोन बदल एकदम केले आणि यंत्र चालू झाले, तरी दोष कशात होता हे कळत नाही. आणि जो दोष कळला नाही, तो पुन्हा उद्भवला तर शोध पहिल्यापासून करावा लागतो.