शांतता कोणाच्या सोयीची?

रात्री ओरडणारा, अंगास हात लावू न देणारा वृद्ध सकाळी मुकाट खुर्चीत बसलेला दिसला की भेटीस आलेल्या मुलांना हायसे वाटते. हे हायसे वाटणे तपासून पाहावयास हवे.

अमेरिकेत ‘नर्सिंग होम’ म्हणजे आपल्याकडील खाजगी इस्पितळ नव्हे. ते वृद्धांच्या दीर्घ शुश्रूषेचे निवासस्थान होय. तेथे गुंगीच्या औषधांचा वापर इतका बोकाळला की, शिस्तीसाठी अगर कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी अशी औषधे देऊ नयेत, असा कायदाच १९८७ साली करावा लागला. ‘सोय’ हा शब्द कायद्यात घालणाऱ्यांनी दुखण्याचे मूळ अचूक हेरले होते, असे आम्हांस वाटते. माणसे अपुरी पडली की त्यांचे काम गोळीकडे जाते.

या सोयीची किंमत लहान नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांवरील १७ चाचण्या अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली पडताळल्या. चित्तभ्रमावरील नवी औषधे घेणाऱ्यांत सुमारे दहा आठवड्यांत शेकडा ४.५ मृत्यू घडले. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत २.६. बहुतेक मृत्यू हृदयविकाराने वा न्यूमोनियासारख्या संसर्गाने झाले होते. जुन्या औषधांनाही २००८ साली तोच इशारा लागू झाला. ब्रिटनमध्ये २००९ साली प्रा. सुबे बॅनर्जी यांनी सरकारला दिलेल्या अहवालात अंदाज होता तो असा: ही औषधे घेणारे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण १,८०,०००, लाभ होणारे ३६,००० आणि वर्षाकाठी जादा मृत्यू १,८००.

पण वृद्ध ओरडतो तरी का? ज्याला शब्द सुचत नाहीत त्याचे दुखणे ओरडण्यातूनच बाहेर पडते. मलावरोध, लघवीची जळजळ, दुखरा गुडघा, कशानेही हे होते. नॉर्वेतील १८ शुश्रूषागृहांत ३५२ रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या वेदनांवर पद्धतशीर उपचार झाले, बहुतेकांना तर साधे पॅरासिटॅमॉलच दिले गेले, त्यांची अस्वस्थता आठ आठवड्यांत स्पष्टपणे उतरली!

औषध सर्वथा वर्ज्य आहे, असे नव्हे. भयंकर भास होत असतील, इजेचा धोका असेल, तर अल्प मात्रेत व ठरावीक मुदतीपुरते ते द्यावेच लागते. अमेरिकेत ‘गरज पडेल तेव्हा’ अशा मोघम चिठ्ठीस आता १४ दिवसांची मर्यादा आहे. डॉक्टरांनी रुग्णास स्वतः तपासल्यावाचून ती चिठ्ठी पुढे चालत नाही.

पुण्यामुंबईच्या वृद्धाश्रमांत ज्यांचे आईवडील आहेत, त्यांनी औषधांचा तक्ता मागून घ्यावा. कोणती गोळी, कोणत्या लक्षणासाठी, कोणाच्या सांगण्यावरून आणि कधीपर्यंत, हे विचारावे. मात्र गुंगी दिसली म्हणून गोळी आपल्या हाताने एकाएकी बंद करू नये. तिची मात्रा डॉक्टरांकडूनच हळूहळू कमी करून घ्यावी.