दाराचं जुनं वॉर्निश उतरवताना

पारनेर तालुक्यातल्या जामगावात महादजी शिंद्यांचा वाडा आहे. तालुक्यात साधे वाडेही बरेच. उन्हाने वॉर्निश पिवळं पडून पापुद्रे सुटलेलं सागवानी दार तिथे सहज दिसतं. लाकूड मात्र बहुधा आतून ठणठणीत असतं.

आधी कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा टेकवून पाहावा. थर चिकट झाला, तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिट आणि चिंध्यांवर काम भागतं. ढिम्म राहिला, तर वॉर्निश समजावं.

वॉर्निशला हीट गन चालते. थर फुगताच बोथट पात्याने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने तो उचलावा. काचेच्या तावदानाजवळ मात्र ती नकोच, काच तडकते. खाली जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. भारतात रंगातल्या शिशाची मर्यादा २०१७ पासून ९० पीपीएम आहे, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. तो कोरडा घासू नये, तापवूही नये.

पेंट रिमूव्हर सर्वांत जपून वापरायचं. त्यात मिथिलिन क्लोराइड असेल, तर ते ४० अंशांच्या आसपास उकळतं. वैशाखात त्याची वाफ बंद खोलीत जिवावर बेतू शकते. अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती वापरासाठी असे रिमूव्हर विकण्यावर बंदी घातली. पितळी कड्या काढून ठेवाव्यात, चुन्याच्या गिलाव्याच्या कडेला चिकटपट्टी आणि दगडी उंबरठ्यावर जाड प्लॅस्टिक. कॉस्टिक सोडा टाळावा, साग काळवंडतो.

नक्षीच्या खाचांत पातं घालू नये, जुना टूथब्रश बरा. शेवटी टर्पेंटाइनने पुसून दार पूर्ण वाळू द्यावं, मगच नवा हात.