कॉन्फरन्स कॉलवरील गोंगाट कसा कमी करावा?

पिकावर कीड अथवा रोग पडला असता तज्ज्ञांचा सल्ला वेळेवर मिळणे अगत्याचे असते. जानेवारी २००४ मध्ये किसान कॉल सेंटरची योजना सुरू झाली आणि १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळू लागला. आता अनेक गावचे शेतकरी व कार्यकर्ते एकाच वेळी मोबाइलवरून तज्ज्ञांशी बोलू शकतात. ज्यास आपण कॉन्फरन्स कॉल म्हणतो, ते हेच सामुदायिक संभाषण होय. तथापि, गोंगाटामुळे त्याचा लाभ पुष्कळदा पदरात पडत नाही.

ही केवळ गैरसोयीची बाब नाही. औषधाचे प्रमाण सांगताना ‘सात’ म्हटलेले कोणी ‘साठ’ ऐकले, तर पीक जळेल आणि फवारणाऱ्याच्या जिवासही धोका पोहोचेल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे निराळी होती. परंतु फवारणीविषयीचा प्रत्येक शब्द अचूक पोहोचणे किती आवश्यक आहे, हे तिने सर्वांस शिकविले आहे.

गोंगाट का होतो?

समोरासमोर बोलताना आपला कान नको असलेला आवाज बाजूस सारतो. फोनचा मायक्रोफोन तसे फारसे करू शकत नाही. त्याच्यापर्यंत जे पोहोचेल ते तो पुढे धाडतो. दहा गावांचे दहा फोन उघडे असले, तर एका गावची पिठाची गिरणी, दुसऱ्या गावचा ट्रॅक्टर आणि तिसऱ्या गावची रडणारी मुले या सर्वांचे आवाज एकत्र मिसळून तज्ज्ञांच्या बोलण्यावर येऊन पडतात.

त्यातच, साध्या दूरध्वनीतून सेकंदाला सुमारे ३०० ते ३,४०० कंपनांपर्यंतचाच आवाज जातो. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी अक्षरे ओळखण्यास लागणारा बारीक आवाज त्यात बराचसा गळून जातो. ‘त’ आणि ‘ठ’ यांतील भेद तर क्षणमात्र उमटतो. गोंगाटात तो सहज बुडतो.

बोलणाऱ्याने घ्यावयाची काळजी

१. आपली पाळी नसेल तेव्हा फोन ‘म्यूट’ करून ठेवावा. सर्व उपायांत हा उपाय श्रेष्ठ आहे. म्यूट केल्यावर आपणांस सर्व ऐकू येते. आपल्याकडील आवाज मात्र पुढे जात नाही. बोलण्यापूर्वी म्यूट काढण्यास विसरू नये.

२. फोन तोंडापासून चार बोटांवर धरावा. अंतर दुप्पट झाले की फोनपर्यंत पोहोचणारी ध्वनिशक्ती चौथ्या हिश्शावर येते. चार अंगुळांवरचा फोन हातभर म्हणजे चोवीस अंगुळे दूर ठेवला, तर ती छत्तिसाव्या हिश्शावर येईल. भोवतालचा गोंगाट मात्र तेवढाच राहील. ओरडून बोलण्याचा उपयोग नाही. त्याने आवाज फाटतो. जवळून, सावकाश व नेहमीच्या स्वरात बोलावे.

३. वाऱ्याकडे पाठ करावी किंवा भिंतीच्या आडोशास जावे. वारा मायक्रोफोनच्या छिद्रावर आदळला की मोठा खरखराट होतो. चालू पंप, मळणीयंत्र अथवा गिरणी यांपासून दूर जाऊन मगच बोलावे.

४. पुष्कळ स्मार्टफोनांस वरच्या बाजूस दुसरा मायक्रोफोन असतो व त्याच्या साह्याने फोन बाहेरचा गोंगाट वजा करतो. तो बोटाने अथवा कव्हराने झाकू नये. छिद्रांत धूळ साचल्यास कोरड्या मऊ ब्रशाने झाडावी. टाचणी खुपसू नये.

५. मध्येच दुसरा कॉल आल्यास सामुदायिक संभाषण ‘होल्ड’वर ठेवू नये. तसे केल्यास काही वेळा त्याची धून सर्वांना ऐकावी लागते. त्यापेक्षा फोन बंद करून पुन्हा जोडून घ्यावा.

गटाने ऐकताना

चावडीत किंवा समाजमंदिरात बसून ऐकावयाचे असल्यास एकच फोन संभाषणात ठेवावा. एकाच खोलीतील दोन फोन जोडलेले असले, तर एकाच्या स्पीकरमधील आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरून प्रतिध्वनी किंवा शिट्टी सुरू होते. इतरांनी आपले फोन बंद ठेवावेत. टेबलावर थरथरणारा फोनही मोठा आवाज करतो. ध्वनिवर्धकाची तार जोडलेली असेल, तर मोबाइल तिच्यापासून हातभर दूर ठेवावा. २जी जाळ्यावरील फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरींचे झटके सोडतो आणि तारेत त्यांची ‘डर्र डर्र’ अशी घरघर उमटते.

पत्र्याच्या छपराखाली, उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. जमिनीवर सतरंजी अंथरावी व भिंतीवर घोंगडी किंवा गोणपाट टांगावे. मऊ वस्तू आवाज शोषून घेतात.

संयोजकाचे कर्तव्य

संयोजकाने आरंभीच सर्वांस म्यूट करावयास सांगावे आणि गावांची नावे क्रमाने पुकारावीत. बोलणाऱ्याने प्रथम आपले नाव व गाव सांगावे. एखाद्या फोनवरून सतत गोंगाट येत असेल, तर एकेक फोन म्यूट करून तो शोधून काढावा. औषधाचे नाव, प्रमाण व पाण्याचे माप दोनदा सांगावे. आकडे सुटे करून म्हणावेत, जसे ‘साठ, म्हणजे सहा, शून्य’. नंतर एका शेतकऱ्याकडून तेच पुन्हा वदवून घ्यावे. शेवटी सर्व शिफारस संदेशाने लिहून पाठवावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ती फलकावर लिहावी, आणि ऐकलेले व लिहिलेले जुळत नसेल तर खात्री होईपर्यंत फवारणी थांबवावी.

या उपायांस खर्च जवळजवळ नाही. थोडी शिस्त मात्र हवी. पुढील संभाषणापूर्वी कार्यकर्त्यांनी गावातील शेतकरी बंधुभगिनींस एकत्र जमवून म्यूट करणे व म्यूट काढणे यांचा सराव करून घ्यावा, म्हणजे तज्ज्ञांचे बोल बांधापर्यंत जसेच्या तसे पोहोचतील.