वाळवण चुकलं की

मक्याचं पोतं वरवर पाहून काही कळत नाही. म्हणून तपासनीस पोकळ लोखंडी सळई पोत्यात तिरपी खुपसतो आणि वरचे, मधले, तळाचे दाणे काढतो. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष ढिगात सारखं पसरत नाही. निर्मळ दाण्यांत मोजकेच दाणे विषारी असतात, मूठभर नमुन्यात ते निसटतात. काढलेले सगळे दाणे एकत्र दळून, पीठ नीट कालवून, मगच त्यातलं थोडं तोलून घ्यायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण खरी तपासणी हीच.

टेबलावर दोन डबे होते. एकावर ‘सेंद्रिय’ असं लिहिलेलं. पिठात अल्कोहोलचं पाणी घालून हलवलं, गाळलं, पट्टी बुडवली. या चाचणीत विष जितकं जास्त, तितकी रेघ फिकी. सेंद्रिय मक्याची रेघ जेमतेम दिसत होती. दुसरी ठसठशीत उमटली.

तपासनीसानं खताबद्दल विचारलंच नाही. “कणसं खळ्यावर असताना पाऊस लागला होता का?” शेतकऱ्यानं मान हलवली. परतीच्या पावसानं ढीग भिजला होता, वर ताडपत्री टाकल्यानं आतली वाफही कोंडली. दाण्यातला ओलावा साठवणीपूर्वी 13 टक्क्यांच्या आसपास यायला हवा. त्याहून ओला, किडीनं पोखरलेला, फुटलेला दाणा बुरशीला आयताच सापडतो, मग खत शेणाचं असो वा युरिया. उलट निकालही तितकाच शक्य होता. भारतात तृणधान्यांना एका किलोमागे 15 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, तीही दोघांना एकच.

1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहालच्या खेड्यांत पावसात भिजलेला मका खाऊन शंभरहून अधिक माणसं यकृताच्या आजारानं दगावली. घरचाच मका होता तो. तव्याच्या आचेनं हे विष पुरतं जात नाही, त्यामुळे भाकरी खरपूस भाजली म्हणून निर्धास्त राहता येत नाही. फुटके, काळपटलेले, हलके दाणे निवडून काढले तर विष बरंच घटतं, पण चांगल्या दिसणाऱ्या दाण्याचीही खात्री नसते. सेंद्रिय मालाला चढा भाव देणाऱ्या ग्राहकानं ओलाव्याचा आणि विषाचा अहवालही मागितलाच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

“मग गाईला घालतो,” शेतकरी म्हणाला. तपासनीसानं लगेच अडवलं. दुभत्या जनावराच्या पोटात गेलेलं हे विष रूप बदलून दुधात उतरतं.