बरणीची झिलई

भिलईच्या कॅम्प-१ सारख्या वसाहतीतील मराठी घरांना दोन गोष्टींची ओळख करून द्यावी लागत नाही. एक लोणच्याची चिनी मातीची बरणी. दुसरी पोलाद कारखान्याची झोतभट्टी. येथील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. लोखंडाबरोबर निघणारी तप्त मळी पाण्याच्या झोतात सोडली, की तिचे काचेसारखे कण होतात आणि ते सिमेंटच्या कामी येतात. झिलईसाठी लागणारे ‘फ्रिट’ही याच रीतीने तयार होते.

झिलई म्हणजे भांड्यावर चढविलेली पातळ काच. काचेचा मुख्य घटक सिलिका. परंतु ती एकटी वितळावयास सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि तेवढ्यात साधे मातीचे भांडे टिकणार नाही. म्हणून सिलिकेत द्रावक मिसळतात. शिसे हा फार सोयीचा द्रावक. हजार अंशांच्या आसपासच तो गुळगुळीत, तेजस्वी झिलई देतो. आपल्या परिचयाचे शेंदूर आणि मुरदाडशिंग ही शिशाचीच ऑक्साइडे होत.

मात्र ही कच्ची द्रव्ये वापरली, की त्यांची धूळ कामगारांच्या पोटात जाऊन तेथील आम्लात विरघळते. इंग्लंडमधील कुंभारकामाच्या कारखान्यांत शिशाच्या विषबाधेने अनेकांचे बळी घेतले. १८९९ साली थॉर्प व ऑलिव्हर यांनी या प्रश्नावर सरकारला अहवाल दिला. उपाय असा, की शिसे सिलिकेबरोबर आधीच वितळवून, पाण्यात ओतून, दळून घ्यावे. अशा एका प्रचलित फ्रिटमध्ये शेकडा ६५ भाग शिशाचे ऑक्साइड व ३५ भाग सिलिका असते. ते आम्लात सहजी विरघळत नाही.

पण शिसे नाहीसे झालेले नसते, केवळ बांधले गेलेले असते. भाजणी अपुरी झाली, किंवा हिरव्या रंगासाठी तांबे मिसळले, तर ही गाठ सैल होते. मग लिंबाचे वा कैरीचे आम्ल शिसे ओढून घेते. मुलांच्या मेंदूला त्याची सर्वाधिक हानी पोहोचते, आणि शिशाची निर्धोक अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही.

जाड दगडी बरण्या १२०० अंशांच्या आसपास भाजतात. तेथे फेल्डस्पारच द्रावकाचे काम करतो, शिशाची गरज पडत नाही. शोभेची रंगीत भांडी मात्र लोणच्यासाठी वापरू नयेत. चकाकीवरून शिशाची पारख होत नाही. भांड्यात शेकडा ४ भागांचे ॲसेटिक आम्ल २४ तास ठेवून ती प्रयोगशाळेतच करावी लागते. गृहिणीने विक्रेत्याला एवढे अवश्य विचारावे: हे भांडे अन्नासाठी तपासलेले आहे काय?