अश्वशक्तीचा आकडा कसा वाचावा? ले मान्सच्या गाड्या आणि 'ग्रान टुरिस्मो'

प्लेस्टेशनवरच्या 'ग्रान टुरिस्मो ७' या गेममध्ये 'ग्रुप १' नावाचा एक वर्ग आहे. ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत वेगवेगळ्या काळात धावलेल्या गाड्या या वर्गात शेजारीशेजारी उभ्या असतात. १९८९ साली जिंकलेली सॉबर-मर्सिडीज सी९, १९९१ ची माझदा ७८७बी, २०१६ च्या पोर्श ९१९ आणि टोयोटा टीएस०५० या हायब्रिड गाड्या, शिवाय सध्याच्या हायपरकार नियमांनुसार बांधलेली टोयोटा जीआर०१०. प्रत्येकीच्या माहितीत अश्वशक्तीचा आकडा असतो आणि नवा खेळाडू बहुधा सर्वांत मोठा आकडा पाहून गाडी निवडतो. मग तासाभराच्या शर्यतीत कमी आकड्याची गाडी पुढे निघून जाते आणि गेमनेच काही गडबड केली असावी, असे वाटू लागते.

गडबड गेमची नसते. विहिरीवर पाच एचपीची मोटर बसवली म्हणून पाणी किती येणार, हे नुसत्या एचपीवरून कोणताही शेतकरी सांगणार नाही. विहीर किती खोल, पाइप किती इंची, वीज किती तास, हे तो आधी विचारेल. शर्यतीच्या गाडीलाही असेच काही प्रश्न विचारावे लागतात. ते एकेक करून पाहू.

एकक कोणते?

अश्वशक्तीची दोन मापे प्रचारात आहेत. ब्रिटिश पद्धतीची एचपी म्हणजे सुमारे ७४५.७ वॅट, तर युरोप आणि जपानमध्ये रुळलेली मेट्रिक अश्वशक्ती, म्हणजे पीएस, सुमारे ७३५.५ वॅट. फरक दीड टक्क्याच्या आत आहे, पण मोठ्या आकड्यांत तो डोळ्यांत भरतो. माझदा ७८७बीचे ७०० पीएस ब्रिटिश मापात ६९० होतात. आजच्या हायपरकार वर्गाच्या नियमांत मूळ कमाल मर्यादा ५०० किलोवॅट धरली आहे. तिचे ६८० पीएस होतात आणि ६७० एचपीही. त्यामुळे एका गाडीचा आकडा जुन्या मासिकातून आणि दुसरीचा गेममधून घेतला, तर नसलेला फरक दिसू लागतो. गेमच्या सेटिंगमध्ये शक्तीचे एकक बदलता येते. तुलनेला बसण्यापूर्वी एकच एकक ठरवावे.

हा आकडा कोणत्या आरपीएमचा?

छापलेला आकडा कमाल शक्तीचा असतो आणि ती शक्ती इंजिनाच्या एका ठरावीक फिरकीलाच मिळते. शक्ती म्हणजे टॉर्क आणि आरपीएम यांचा गुणाकार. न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला आरपीएमने गुणून ७०२४ ने भागले की पीएस मिळतात.

माझदाच्या चार रोटरच्या इंजिनाचे ७०० पीएस ९००० आरपीएमला येतात. तिचा कमाल टॉर्क ६०८ न्यूटन-मीटर आहे, तो ६५०० आरपीएमला. सूत्रात घातल्यावर तिथे साधारण ५६३ पीएसच भरतात. म्हणजे वळणातून बाहेर पडताना गिअर एकाने वरचा राहिला आणि काटा ६५०० वर आला, तर सव्वाशेहून जास्त अश्वशक्ती त्या क्षणी हातात नसते.

याच्या दुसऱ्या टोकाला २००६ साली ले मान्स जिंकणारी पहिली डिझेल गाडी, ऑडी आर१० टीडीआय. कंपनीने तिची शक्ती ६५० च्या वर आणि टॉर्क ११०० न्यूटन-मीटरच्या वर सांगितला होता. म्हणजे माझदाच्या साधारण निम्म्या फिरकीला ती जवळपास तेवढीच शक्ती देत होती. अशा गाडीत गिअरची थोडी चूक खपून जाते, माझदा ती लगेच वसूल करते. म्हणून आकड्याच्या जोडीला शक्ती आणि टॉर्कचा आलेख पाहावा. वक्र शेवटच्या टोकालाच उभा चढत असेल, तर ती गाडी सतत वरच्या आरपीएममध्ये ठेवावी लागेल.

वजन किती?

शक्तीला वजनाने भागल्याशिवाय दोन गाड्यांची तुलना सुरूच होत नाही. दर टनामागे किती पीएस, हे काढणे सोपे आहे. ८३० किलोच्या माझदाला टनामागे सुमारे ८४० पीएस मिळतात. सॉबर-मर्सिडीजची शर्यतीतली शक्ती ७२० च्या आसपास, पण तिच्या काळात किमान वजन ९०० किलो होते. त्यामुळे हिशेब टनामागे ८०० वर येतो. आजची हायपरकार किमान १०३० किलोची, म्हणजे टनामागे ६६०. टोयोटा टीएस०५० चे वजन सुमारे ८७५ किलो आणि एकत्रित शक्ती १००० पीएस, म्हणून ११४० च्या पुढे.

१९९१ च्या निकालात वजनाचा मोठा वाटा होता. त्या वर्षी जग्वार, मर्सिडीज आणि पोर्श यांच्या ग्रुप सी या शर्यतवर्गातल्या जुन्या गाड्यांना १००० किलो वजनाची अट पडली, तर माझदाला ८३० किलोवर धावायची परवानगी मिळाली. हलक्या गाडीचे ब्रेक आणि टायर कमी झिजतात, इंधनही कमी लागते. आघाडीवरची मर्सिडीज शेवटच्या काही तासांत इंजिन तापून बाद झाली, माझदाने ३६२ फेऱ्या पूर्ण करून शर्यत जिंकली आणि तिच्यामागे तीन जग्वार आल्या.

सरळ रस्त्यावर शक्ती कुठे जाते?

वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. उलट बाजूने पाहिले, तर शक्ती दहा टक्के वाढवली की कमाल वेग जेमतेम सव्वातीन टक्के वाढतो. ताशी ३५० किलोमीटर गाठणारी ७०० पीएसची गाडी ७७० पीएसवर ३६१ च्या आसपास पोहोचेल. तेवढाच फायदा मागचा पंख थोडा खाली करूनही मिळतो, मात्र वळणातली पकड कमी होते.

ले मान्सच्या साधारण सहा किलोमीटरच्या मुलसान सरळपट्टीवर १९८८ साली रॉजर डॉर्शी या चालकाने डब्ल्यूएम-प्यूजो गाडीत ताशी ४०५ किलोमीटरचा वेग नोंदवला. गाडी त्याच विक्रमासाठी घडवली होती, पण शर्यत तिला पूर्ण करता आली नाही. १९९० पासून या पट्टीवर दोन शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारी वळणे, आल्या आणि कमाल वेगाचे महत्त्व घटले. गेममध्ये हा ट्रॅक शिकेनसह आणि शिकेनविना असा दोन्ही रूपांत आहे. शिकेनविना हवेचा विरोध निर्णायक ठरतो, शिकेनसह ब्रेक आणि पुन्हा वेग पकडण्याची क्षमता. एका रूपातला निष्कर्ष दुसऱ्यावर लादू नये.

ती शक्ती किती सेकंद टिकते?

हायब्रिड गाड्यांच्या बाबतीत हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. टीएस०५० च्या १००० पीएसपैकी ५०० पेट्रोल इंजिनाचे आणि ५०० विद्युत मोटरींचे. ले मान्सच्या एका फेरीत तिला ८ मेगाज्यूल विद्युत ऊर्जा वापरायची मुभा होती. ५०० पीएस म्हणजे ३६८ किलोवॅट. ८ मेगाज्यूलला ३६८ किलोवॅटने भागले, तर २२ सेकंद मिळतात. फेरी सव्वातीन मिनिटांची! याचा अर्थ हजार अश्वशक्तीची गाडी फेरीचा बहुतेक भाग पाचशेच्याच जोरावर कापते. मोटरींचा जोर वळणातून बाहेर पडताना खर्च करायचा आणि ब्रेक लावताना ऊर्जा पुन्हा साठवायची, असा तिचा क्रम असतो.

निकालही तेच सांगतो. २०१७ साली कामुई कोबायाशीने टीएस०५० मधून ३ मिनिटे १४.७९१ सेकंदांची पोल, म्हणजे सर्वांत पुढून सुरुवात मिळवून देणारी, फेरी काढली. २०२३ साली हायपरकार वर्गातल्या फेरारी ४९९पीने जवळपास त्याच ट्रॅकवर पोल फेरीला ३ मिनिटे २२.९८२ सेकंद घेतले. फेरारीची शक्ती सुमारे एक तृतीयांशाने कमी, वजन दीडशेहून अधिक किलोने जास्त, तरी वेळ फक्त चार टक्क्यांच्या आसपास वाढली.

इंधन किती मिळणार?

ऐंशीच्या दशकातल्या ग्रुप सीमध्ये शक्तीवर थेट मर्यादा नव्हती, मर्यादा इंधनावर होती. दशकाच्या उत्तरार्धात चोवीस तासांसाठी सुमारे २५५० लिटर मिळत आणि जिंकणारी गाडी पाच हजार किलोमीटरच्या घरात धावे. म्हणजे लिटरला साधारण दोन किलोमीटर. टर्बोचा दाब वाढवला की शक्ती वाढे आणि इंधनाचा हिशेब कोलमडे. म्हणून त्या काळच्या टर्बो गाड्यांचे पात्रता फेरीचे आणि शर्यतीचे आकडे वेगळे असत. १९९० साली चालक मार्क ब्लंडेलच्या निसानमध्ये टर्बोचा दाब आवरणारा वेस्टगेट बंद अवस्थेत अडकला, शक्ती हजाराच्या वर गेली आणि त्याने सहा सेकंदांच्या फरकाने पोल मिळवली. शर्यत मात्र जग्वारने जिंकली.

गेममध्ये हेच काम फ्युएल मॅप करतो. १ वर पूर्ण शक्ती आणि जास्त इंधन, ६ वर सर्वांत कमी शक्ती आणि बचत. एक काल्पनिक उदाहरण घ्या. वीस फेऱ्यांची शर्यत आहे. पहिली गाडी ३ मिनिटे ३० सेकंदांत फेरी मारते, पण एका टाकीत सातच फेऱ्या करते, म्हणून दोनदा पिटमध्ये यावे लागते. दुसरीला ३ मिनिटे ३२ सेकंद लागतात, पण टाकीत दहा फेऱ्या होतात, म्हणजे एकच थांबा. एका थांब्याला ४५ सेकंद जात असतील, तर दुसरी गाडी वीस फेऱ्यांत ४० सेकंद हरते आणि थांब्यावर ४५ वाचवते. पाच सेकंदांनी शर्यत तिचीच.

नियमांची कात्री कुठे लागली?

शेवटचा प्रश्न 'बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स', म्हणजे बीओपीचा. प्रत्यक्ष हायपरकार वर्गात प्रत्येक मॉडेलची शक्ती आणि वजन शर्यतीपूर्वी ठरवून दिले जाते आणि ड्राइव्हशाफ्टवरच्या टॉर्क सेन्सरनी चाकांकडे जाणारी शक्ती मोजली जाते. गेममधल्या स्पोर्ट मोडमध्येही बीओपी लागू असताना गाडीची मूळ शक्ती आणि वजन टक्केवारीने कमीजास्त होतात. तिथे गॅरेजमधल्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. पीपी, म्हणजे परफॉर्मन्स पॉइंट्सची अट असलेल्या शर्यतीत पॉवर रिस्ट्रिक्टर आणि बॅलास्ट (जादा वजन) वापरून हाच खेळ तुम्हाला स्वतः करता येतो. शक्ती कापून हलकी गाडी ठेवायची की वजन वाढवून शक्ती राखायची, हे ट्रॅक पाहून ठरवावे.

स्वतः मोजण्याची रीत

कस्टम रेसमध्ये एक ट्रॅक, एक हवामान आणि एकाच प्रकारचे टायर निवडा. इंधनखर्च आणि टायरझीज यांचे गुणक प्रत्यक्ष शर्यतीत असतील तेवढेच ठेवा, कारण ते बदलले की हिशेबही बदलतो. भरल्या टाकीने सुरुवात करून पहिली फेरी सोडून द्या. पुढच्या काही फेऱ्यांत तीन गोष्टी लिहून ठेवा: फेरीची वेळ, सरळपट्टीच्या शेवटचा वेग आणि प्रत्येक फेरीत खर्च झालेले इंधन. मग हेच फ्युएल मॅप बदलून पुन्हा करा. प्रत्येक गाडीसाठी फेरीची वेळ गुणिले फेऱ्या, अधिक थांब्यांची वेळ, ही बेरीज काढली की खरी तुलना समोर येते.

छोट्या शर्यतीत आणि एकट्या पात्रता फेरीत जास्त अश्वशक्तीची गाडी घ्यायला हरकत नाही. शर्यत अर्ध्या तासापुढे गेली आणि पिटमध्ये यावे लागणार असेल, तर आधी टाकीतल्या फेऱ्या मोजा, मग टनामागची शक्ती काढा आणि अश्वशक्तीचा नुसता आकडा सगळ्यांत शेवटी पाहा.